डोंग्यातलं पाणी

"फाटकाच्या आत नको येऊ, कुंताबाई. तिथूनच सांग काय सांगाचं ते."

भय्याजी लोखंडी फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे होते. कुंताबाईनं मासोळ्यांचं टोपलं आज मुद्दाम घरी ठेवलं होतं. हात दोनदा साबणानं धुतले होते, लुगडंही धुतलेलं नेसली होती. कमरेला टॉर्च खोचलेली आणि मुठीत खडूचा तुकडा.

"तुमच्या घरामांगच्या सांदवाडीतलं टाकं पाहाचं हाये, भय्याजी. दोन मिनटाचं काम. पान्यात किडे हायेत का, एवढंच."

"माया टाक्यात कायचे किडे? आरशासारखं साफ पानी हाये."

"साफ पान्यातच होतेत ना थे डेंगूचे मच्छर. घान पान्यातले येगळे."

"हे तुले कोनं शिकवलं? ज्योत्सनानं? तिले सांग, धूरवाली गाडी आन म्हना. पाच मिनटात सारे मच्छर खतम." मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "हे पाय, राग नको मानू. त्या पान्यानं माया घरी देवाची आंघोळ होते. तुया हाताले मासोळीचा वास. तुलेच पटते का, सांग."

कुंताबाईला राग आला नाही. साठ वर्षांत हे वाक्य तिनं किती तऱ्हांनी ऐकलं होतं. भय्याजींनी निदान नरमाईनं म्हटलं.

"बरं जी. मंग तुमीच पाहून घ्या. टॉर्च मारजा आन जरा वेळ उभे राह्यजा. खालीवर होताना दिसतेत."

खडू पदराच्या टोकाला बांधून ती पुढच्या घराकडे निघाली.

खैरघाट नावाची गावं दोन. एक वैनगंगेच्या काठी होतं, ते अकरा वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेलं. दुसरं पवनीच्या रस्त्याला लागून, सरकारनं आखून दिलेलं. सरळ गल्ल्या, सारखे प्लॉट, विजेचे खांब, समाजमंदिर. सगळं होतं, पाणी नव्हतं. नळ आठवड्यातून दोनदा यायचा, कधी फक्त गुरुवारी. जुन्या गावात कुणी पाणी साठवून ठेवलं नव्हतं. नदी दाराशी होती, लागेल तेव्हा पाण्याची गुंडी घेऊन उतरायचं. नव्या गावात आल्यावर त्याच माणसांना पाण्याची धास्ती बसली. घराघरात सिमेंटचं टाकं आलं, दोन-दोन ड्रम आले, रांजण आले, आणि नळ आला की एवढीशी वाटीसुद्धा भरून ठेवायची सवय लागली. भरलेलं पाणी कुणी सांडत नसे. जुन्या पाण्यावरच नवं भरायचं.

त्या वर्षी आषाढ लागताच ताप सुरू झाला. आधी दोन घरं, मग सहा, मग गल्लीच्या गल्ली. पुष्पाबाईचा प्रविण, भंडाऱ्याला आयटीआयला जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, पाच दिवस ताप अंगावर काढत राहिला आणि दवाखान्यात नेल्यावर दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर गावात कुणी मोठ्यानं हसलं नाही. धूर सोडणारी गाडी एकदा येऊन गेली. लोकांनी दारं-खिडक्या बंद केल्या आणि गाडी गेल्यावर उघडल्या. ताप तसाच राहिला.

ज्योत्सना गावची आशा सेविका. तिशीतली, बोलायला धीट, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यातून सून म्हणून आलेली. ती यादी घेऊन घरोघर फिरत होती, पण लोक तिला ओट्यावरूनच वाटेला लावायचे. "आमच्या घरी काई नाई वो, सारं साफ हाये." तिला मागच्या अंगणात जाऊ द्यायचं म्हणजे घराची लाज उघडी करायची. एका सकाळी ती कुंताबाईला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "मावशी, तुमी रोज कोनाकोनाच्या सांदवाडीत जाता?"

"साऱ्यायच्याच. मासोळी कोनी समोरच्या दारात घेते का? मांगूनच जावं लागते. थ्या बाया तिथंच बसून साफ करतेत."

"मंग तुमीच पाहा ना माया बदल्यात. तुमाले कोनी अडवत नाई."

"मले वाचता येत नाई, बाई."

"किडे वाचाचे नाईत, पाहाचे हायेत."

कुंताबाईला हसू आलं. तिथूनच ते सुरू झालं. ज्योत्सनानं तिला बाटलीत भरलेलं पाणी दाखवलं. त्यात बारीक तपकिरी किडे वाकडे होऊन वर येत होते, श्वास घेऊन पुन्हा खाली जात होते. आठ-दहा दिवसांत त्यांचाच मच्छर होतो, तो दिवसा चावतो, फार लांब उडत नाही, घराच्या आसपासच राहतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, वाळू द्यायची. गुरुवार ठरला. नळाचा वार पाहूनच ठरवला, कारण आठवडाभराचं पाणी सांडायला सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, हे कुंताबाईनंच सांगितलं.

सकाळी मासोळी विकताना ती टोपलं उतरवायची, तराजू मांडायची आणि बोलता बोलता टाक्यात टॉर्च मारायची.

"अवं साधना, हे पाय तुया टाक्यात पोरं नाचून राह्यले."

साधना हातातला झिंगा टाकून धावत यायची. "कुठी? हे का? आगं माय! अन् मी थंच पानी पोराइले आंघोळीले देऊन राह्यली!"

"उलटं कर मंग. मी धरू लागतो."

दोघी मिळून ड्रम लवंडायच्या. पाणी मोरीत नाही, कोरड्या मातीवर, म्हणजे किडे तिथंच मरतात. मग कुंताबाई दाराच्या चौकटीवर खडूनं एक उभी रेघ ओढायची. किडे सापडले तर रेघेला गोल. महिन्याभरात अर्ध्या गावाच्या चौकटींवर तिच्या रेघा होत्या. ज्योत्सना मागून येऊन त्या वहीत उतरवायची. कुणाच्या चौकटीवर गोल दिसला की शेजारीण विचारायची, आणि पुढच्या गुरुवारी तो गोल पुसला जावा म्हणून घरातली सून तासभर टाकं घासायची. एवढं काम कोणत्याही पत्रकानं झालं नव्हतं.

दोन घरं मात्र राहिली होती. एक भय्याजींचं. दुसरं पुष्पाबाईचं. तिथं ज्योत्सना जात नव्हती, कुंताबाईही जात नव्हती. ज्या घरातला मुलगा गेला, तिथं जाऊन तुमचा ड्रम दाखवा म्हणायचं कोणत्या तोंडानं?

गणपती उठल्यावर ताप कमी झाल्यासारखा वाटला, आणि नेमकी त्याच वेळी चंद्रकला आजारी पडली.

चंद्रकला म्हणजे कुंताबाईची भिंतीपलीकडची शेजारीण. नवरा ट्रॅक्टरवर, तिची दोन लहान लेकरं, स्वतः निंदणाला जाणारी. तीन दिवस डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणत होती. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा ज्योत्सनानं एक मिनिट घालवलं नाही. रुग्णवाहिका बोलावली आणि तिच्यासोबत स्वतः भंडाऱ्याला गेली. लेकरं कुंताबाईकडं राहिली.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून भूपेंद्र आला. आरोग्यसेवक, याच भागातला, मोटारसायकलवर सतत औषधाचा डबा बांधलेला. त्यानं चंद्रकलाचं घर कोपरान् कोपरा पाहिलं. रांजण कोरडे. ड्रम झाकलेले. कोंबड्यांची वाटीसुद्धा घासलेली.

"काईच नाई, मावशी. बाईनं मस्त ठेवलं घर." तो बोलता बोलता थांबला. त्याच्या मनगटावर एक मच्छर बसला होता, काळा, पायांवर पांढरे पट्टे. सकाळचे दहा वाजले होते. "पन हा आला कुठून?"

तो भिंतीपलीकडे पाहू लागला. कुंताबाईनंही पाहिलं. पलीकडे तिचंच अंगण होतं. धानाच्या तणसाचा ढीग, शेवग्याचं झाड आणि ढिगाच्या मागं निळी ताडपत्री टाकलेला तिच्या नवऱ्याचा, बुधरामचा डोंगा, अख्ख्या लाकडातून कोरलेली होडी.

"थ्या डोंग्यात तर काई नाई," ती म्हणाली. "कोरडा हाये. अकरा वर्षं झाली, कोनी हात नाई लावला."

तरी ती गेली. भूपेंद्रच्या आधी गेली. ताडपत्रीचं एक टोक वर केलं.

डोंगा काठोकाठ भरलेला होता. पाणी स्वच्छ होतं, इतकं की तळाशी लाकडावरच्या कुऱ्हाडीच्या खुणा दिसत होत्या. आणि त्या पाण्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हजारोंनी वळवळत होतं.

कुंताबाईनं ताडपत्री पुन्हा खाली सोडली. मग पुन्हा वर केली. दोन महिने ती लोकांच्या टाक्यांत टॉर्च मारत फिरत होती.

बुधराम पडवीत खाटेवर बसलेला होता. नव्या गावात आल्यापासून त्याचे गुडघे गेले होते. धरणाच्या मोठ्या पाण्यात वारा उसळतो, तिथं लाकडाचा डोंगा टिकत नाही. मच्छीमार सोसायटीची पोरं पत्र्याच्या बोटी नेतात. बुधरामनं कधी पत्र्याच्या बोटीत पाय ठेवला नाही. हळूहळू त्यानं अंगणाबाहेर जाणंच सोडलं. कुंताबाई मासोळी विकून यायची तेव्हा तो खाटेवर असायचा, दुसऱ्या दिवशीही तिथंच.

"डोंग्यात पानी कोनी टाकलं?" तिनं विचारलं.

बुधरामनं तिच्याकडे पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या भूपेंद्रकडे.

"मीनं."

"काहून?"

"लाकूड सुकलं का तडकते. उभा चिरत जाते. मंग थो डोंगा राह्यत नाई, जळतन होते." तो शांतपणे सांगत होता, जणू हे सगळ्यांनाच ठाऊक असावं. "नळ आला का मी चार-सहा बकेटा टाकतो. तू बाजारात गेली का. ताडपत्री झाकून ठेवतो, पान्याची वाफ होऊ नये म्हनून."

"अकरा वर्षं?"

"हव."

सकाळपासून चंद्रकलाची लहानी कुंताबाईच्या कमरेला धरून आईबद्दल विचारत होती.

"चंद्रकला दवाखान्यात हाये," कुंताबाई म्हणाली. "तिच्या दातातून रक्त येऊन राह्यलं. भित्तीच्या पलीकडं झोपते थे. आन मी दुनियेचे ड्रम उलटे करत हिंडलो."

भूपेंद्र मधे पडला. "मावशी, कोन्या मच्छरानं चावलं हे कोनीच सांगू शकत नाई. थ्यावर नाव नसते. थे निंदाले जात होती, तिथंही चावला असन."

बुधरामनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काठी घेऊन उठला, गुडघ्यांवर हात रेटत अंगणात गेला आणि ताडपत्री ओढून काढली. पाणी भरायचा जर्मनचा गुंड घेतला आणि डोंग्यातलं पाणी उपसून मातीवर फेकायला लागला. कुंताबाई मदतीला गेली तर त्यानं हातानंच नको म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत तो उपसत होता. शेवटचं पाणी त्यानं धोतराच्या फडक्यानं टिपून काढलं.

रविवारी समाजमंदिरात बैठक झाली. भूपेंद्रनं तापाबद्दल सांगितलं, कोणती गोळी घ्यायची आणि दुखणं थांबवणारी कोणती मुळीच घ्यायची नाही ते सांगितलं. ज्योत्सना म्हणाली की चंद्रकलाच्या रक्तातल्या पेशी काल वाढल्या, धोका टळला. बायकांनी सुस्कारे सोडले. बैठक उठायच्या बेतात होती तेव्हा कुंताबाई उभी राहिली. ती कधी चारचौघांत बोलली नव्हती. पदर सारखा करत राहिली.

"मले एक सांगाचं हाये. साऱ्यात जास्त किडे माया घरी सापडले. आमच्या डोंग्यात. मी तुमच्या दारावर गोल काढले आन माया स्वताच्या अंगनात पाह्यलं नाई. ज्यायले मले बोलाचं असन त्यायनं आताच बोलून घ्या. मंग मी पुढच्या गुरुवारी येतो का नाई, थे तुमी सांगा."

एक म्हातारा खोकला. मागच्या बाजूनं, बायकांच्या गर्दीतून, एक आवाज आला. पुष्पाबाई कधी येऊन बसली होती कुणाला कळलं नव्हतं.

"कुंता, तू तुया घरचं पाह्यलं तरी. माया घरी तं आजवर कोनी आलंच नाई." ती थांबली. "उद्या ये."

कुंताबाई सोमवारी गेली. ज्योत्सनाला सोबत घेतलं नाही. पुष्पाबाईचं घर लख्ख होतं. टाकं घासलेलं, रांजण उपडे. पुष्पाबाईनं तिला सरळ आतल्या खोलीत नेलं. खोलीत प्रविणची पुस्तकं, खिळ्याला निळा गणवेश आणि खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर.

"यात हाये," पुष्पाबाई म्हणाली. "पानी यात हाये. मले मालूम होतं."

कुंताबाईनं टॉर्च लावली नाही.

"ताप येऊन राह्यला होता तरी त्यानं आपल्या हातानं भरलं. म्हने, आई, गरमी होते. पाच बकेटा टाकल्या. मंग झोपला." पुष्पाबाई कूलरच्या जाळीवर हात ठेवून उभी होती. "थंच पानी हाये हे. मी सांडलं असतं कवाचंच. पन सांडवलं नाई."

कुंताबाई खाली बसली. तिच्या डोळ्यांसमोर डोंगा उपसणाऱ्या बुधरामची पाठ होती, आणि म्हणून ती घाई करू शकली नाही. बाहेर कुणीतरी शेळीला हाकललं.

मग पुष्पाबाई वाकली. कूलरच्या खालचं बूच घट्ट बसलं होतं. तिनं दोन्ही हातांनी फिरवलं. पाणी जमिनीवर आलं, उंबऱ्याकडे वळलं, अंगणात गेलं. कुंताबाईनं कुणाची वाट न पाहता खराटा घेतला आणि पाणी उन्हाकडे लोटत राहिली. पुष्पाबाई दाराला टेकून रडली. कुंताबाईनं तिला रडू दिलं.

निघताना पुष्पाबाई म्हणाली, "रेघ ओढ ना माया दारावर. गोल काढ. किडे होते तं होते."

कुंताबाईनं रेघ ओढली आणि गोल काढला. पुढच्या गुरुवारी पुष्पाबाई तिच्यासोबत फिरायला आली, टॉर्च तिच्या हातात होती.

भय्याजींचा निरोप त्याच आठवड्यात आला. ते फाटकाच्या आत उभे होते, पण कडी काढलेली होती. "ये," एवढंच म्हणाले. टाकं प्रचंड होतं, अर्धा मजला उंच. भय्याजी स्वतः स्टुलावर चढले, टॉर्च मारली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"खालीवर होतेत," ते हळूच म्हणाले. "तू म्हनली तसेच."

"एवढं मोठं टाकं दर आठवड्याले रिकामं नाई होत, जी."

"मंग काय करू?"

यावरचा उपाय भूपेंद्रनं आणला. आरोग्य केंद्रातल्या हौदात गप्पी मासे पाळलेले होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान, डासांच्या अळ्या खाणारे. वापरायच्या पाण्याच्या टाक्यात चार-सहा सोडले की काम झालं. पण सगळ्या गावाला पुरतील एवढे नव्हते. प्लास्टिकच्या पिशवीत जेमतेम चाळीस होते. "याइले वाढवाले एक जागा पायजे, मावशी. सावलीतली, लांबट, पानी हलनार नाई अशी."

बुधराम खाटेवरून ऐकत होता. "मासोळी असली का पान्यात किडे राह्यत नाईत," तो म्हणाला. "हे आता दवाखानेवाल्यायनं मले सांगाचं का?" मग काठीनं तणसाच्या ढिगाकडे दाखवलं. "डोंगा रिकामाच हाये. तडकाले लागला."

भूपेंद्रनं कुंताबाईकडे पाहिलं. कुंताबाईनं मान हलवली.

त्या दिवशी बुधरामनं डोंगा नवऱ्या मुलासारखा न्हाऊ-माखू घातला. आतून घासला, शेवग्याखाली सरकवून घेतला, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणलेल्या पाण्यानं भरला आणि एक दिवस तसाच ठेवला. मग पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. घाई केली तर मासोळीला थंडी-गरमी बाधते, तो म्हणाला, आणि कुणालाही पिशवीचं तोंड सोडू दिलं नाही. तासाभरानं स्वतःच सोडलं. चाळीस ठिपके डोंग्यात पसरले आणि लाकडाच्या सावलीत दिसेनासे झाले.

गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात, हे बुधरामला पंधरा दिवसांनी कळलं. मग त्यानं दिवसभर डोंग्याशेजारी खाट टाकली. कोंड्याची चिमूट टाकायचा, दगडानं कावळे हाकलायचा. दसरा होईपर्यंत पाण्यावर सावली पडली की शेकड्यांनी पांगायचे. लोक वाटी, तांब्या, लोणच्याची बरणी घेऊन यायला लागले. बुधराम फडक्यानं गाळून चार-चार द्यायचा आणि प्रत्येकाला तेच सांगायचा. "साबन नाई लावाचं टाक्याले. औषध टाकलं असन तं आधी पानी बदला. आन याइले तळाचं नाई हं."

भय्याजी स्वतः आले, पितळी गडवा घेऊन. बुधरामनं सहा मासे घातले. भय्याजींनी गडवा डोळ्यांशी धरला. "हे खात तं नाईत ना कोनी?"

"एवढ्याशानं कोनाचं पोट भरन, जी?"

"नाई, मी विचारलं." ते जरा लाजले. "माया टाक्यात मेले नाई पायजेत. जीव हाये."

पंधरवड्यानं ज्योत्सना हसत सांगत होती की भय्याजी रोज सकाळी पूजेआधी स्टुलावर चढून मासे मोजतात. कुंताबाई आता त्यांच्या फाटकातून आत जायची. टोपलं मात्र बाहेर ठेवायचं, हे तिनंच ठरवलं होतं.

चंद्रकला घरी आली, बारीक झालेली, केस गळलेले. लेकरांनी तिला दोन दिवस सोडलं नाही. कुंताबाईनं तिला डोंग्याचं सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, तुमी माये पोरं सांभाळले, थे बोला." आणि तो विषय तिथंच संपला. दिवाळीपर्यंत गावात नवा ताप नव्हता. ज्योत्सनाच्या वहीत तीन आठवडे गोल आला नाही.

कार्तिकातली गोष्ट. हलके धान कापून झाले होते, रस्त्याला भाऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. कुंताबाई पवनीच्या बाजारातून दुपारी तीनच्या सुमारास परतली. टोपलं उतरवलं, पाय धुतले आणि अंगणात आली. डोंग्याशेजारची खाट रिकामी होती.

"अजी," तिनं हाक मारली. पडवीत कुणी नव्हतं. मोरीत नव्हतं.

"बाबा गेले ना वो मावशी," भिंतीपलीकडून चंद्रकला म्हणाली.

"कुठी गेले?"

"सोनघाटले. आपल्या जुन्या गावचे काई लोक तिथं वसवले ना, त्यायच्या गावात ताप आला. दोघं जन आटो घेऊन आले होते, मासोळ्या मांगाले. बाबानं त्यायले वळखलं. नाव घेऊन बोलले. गंज वेळ नदीच्याच गोष्टी करत बसले. मंग म्हने, बकेटीत नेल्यावर अर्ध्या मराच्या, तुमाले सोडाले जमनार नाई, मी येतो."

"आटोत चढले?"

"चढले. धरलं दोघायनं. बकेट मांडीवर घेऊन समोर बसले डायवरजवळ. धुतलेलं धोतर घातलं."

"जेवले?"

"म्हनले, कुंताले सांग, येऊन जेवतो."

अकरा वर्षांत बुधराम गल्लीच्या टोकापर्यंत गेला नव्हता. कुंताबाई घरात गेली, सुपात तांदूळ घेतले आणि ओट्यावर येऊन बसली. नवीन लग्न झालं होतं तेव्हा ती अशीच घाटाच्या पायरीवर बसायची. सूर्य पलीकडच्या काठावर टेकायला लागला की वरच्या वळणावर डोंग्याचं टोक दिसायचं, मग वल्हं, मग तो. दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा, आणि दिसला की ती न पाहिल्यासारखं करून उठून जायची.

रस्त्यावरून एक आटो आला. त्यात पोती होती. तो पुढं गेला.

तिनं तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला आणि सूप मांडीवर नीट सरकवून, रस्त्याकडे तोंड करून निवडत बसली.